३,६०० फूट

सह्याद्रीच्या कड्यावरच्या आहुपे गावी गेलो तो एका आकड्यापायी. ७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. बँकॉकहून मुंबईकडे येणारं अलितालियाचं डीसी-८ विमान जुन्नरच्या डोंगरात आदळलं. आतली सगळीच्या सगळी ९४ माणसं गेली. धडक बसली सुमारे ३,६०० फुटांवर आणि मुंबई तिथून अजून ८४ किलोमीटर लांब होती. आपण पोचत आलो, अशा समजुतीनं वैमानिकानं विमान खाली घेतलं होतं. किती उंचीच्या खाली यायचं नाही, ते तेव्हाही ठरलेलं होतं. ती मर्यादा ओलांडली गेली. चौकशीत आणखी एक नोंद झाली: खालचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

ओळखीचा मुलूख म्हणजे काय, ते मला बघायचं होतं. जुलैतच, धुक्यात.

गावातल्या एका आजोबांच्या गुरांमागे निघालो. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. दहा पावलांवरची गाय दिसत नव्हती. आजोबा खाली बघतच नव्हते. मध्येच थांबायचे, पश्चिमेकडे तोंड करायचे.

"वारा आडवा हाये तवर चालायचं. खालनं वर याया लागला, की थांबायचं."

थोड्या वेळानं तो वारा आला. गार, ओल्या शेवाळाच्या वासाचा, थेट हनुवटीखालून. कड्यावरून पडणारं ओढ्याचं पाणी उलटं उडून तोंडावर बसलं. पुढे चार पावलांवर जमीन संपली होती. खाली कुठेतरी खोपिवली, कोकण. समुद्रावरून आलेला वारा या भिंतीला अडून वर चढतो, थंडावतो, त्याचे ढग होतात. सह्याद्री असा आपलाच माथा झाकून घेतो.

विमानातलं साधं उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. खाली कोकण आहे की घाटमाथा, हे त्याला कळत नाही. रेडिओ उंचीमापक पोटाखालची जमीन मोजतं, समोरचा डोंगर नाही. १९६६ च्या जानेवारीत होमी भाभांचं विमान माँ ब्लाँवर आदळलं, तेही शिखर मागे पडलं अशा समजुतीतून. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अवकाशातून, ११ दिवसांच्या मोहिमेत, पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीचे चढउतार रडारनं टिपले. आज जमिनीच्या उंचीचे असे नकाशे विमानातल्या यंत्रात भरलेले असतात आणि डोंगर समोर येण्याआधीच ते यंत्र वैमानिकाला ओरडून सावध करतं. १९६२ च्या त्या माणसांना एवढं मिळायला हवं होतं. कड्यावर उभं राहिल्यावर ३,६०० हा आकडा मला नुसता वाचता येत नाही.

ढगांच्या वरून एका विमानाची घरघर गेली. आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते गुरं मोजत होते. एक गाय कमी भरत होती. त्यांनी काठी माझ्यापुढे आडवी धरली आणि धुक्यात लांब हाळी दिली. बराच वेळ काहीच नाही. मग घंटा वाजली, माळाच्या अंगानं. त्यांनी काठी खाली घेतली.