आवर्तसारणीतील रिकामी घरे

मी कविता लिहिणारा माणूस. मला आवर्तसारणी गझलेसारखी दिसते. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात. त्यांची संख्या हाच मूलद्रव्याचा क्रमांक. हायड्रोजनचा १, सोडियमचा ११. केंद्रकाभोवती तितकेच इलेक्ट्रॉन, थराथराने. लिथियम, सोडियम, पोटॅशियम या तिघांच्याही बाहेरच्या थरात एकेकच इलेक्ट्रॉन. म्हणून पाणी लागताच तिघांमुळेही त्या पाण्यातून हायड्रोजन फसफसून निघतो. शेर वेगळे, काफिया एकच! असे एका घराण्यातले सगळे एका उभ्या रकान्यात बसतात.

१८६९ मध्ये रशियात मेंडेलीव्हने अणुभाराच्या क्रमाने मांडणी केली, तेव्हा त्याने काही घरे रिकामी सोडली. त्यांतले एक १८७५ मध्ये गॅलियमने भरले. पण आयोडीन भाराने हलके असूनही टेल्युरियमच्या मागे बसवावे लागले. हे का, ते १९१३-१४ मध्ये इंग्लंडच्या हेन्री मोसलीने क्ष-किरणांनी दाखवले: खरा क्रम केंद्रकावरील विद्युतभाराचा. ४३, ६१ आणि ७५ ही घरे रिकामी आहेत, हेही त्यानेच सांगितले.

मग महायुद्ध आले. मोसली आपणहून सैन्यात गेला आणि १९१५ मध्ये गॅलिपोलीत गोळी लागून गेला. वय अवघे २७. ती तिन्ही घरे पुढे भरली. मोसलीचे घर मात्र रिकामेच राहिले.