शंभरच्या पेट्रोलमध्ये पेट्रोल किती?

खामगावच्या पंपावर माणूस म्हणतो, "शंभरचं टाक." मशीनवरचे आकडे पळतात आणि शंभरावर थांबतात. त्यातले तेलाचे किती, सरकारचे किती? पावती काही बोलत नाही. पण उत्तर भावातच दडलेलं आहे!

२०२५चे दर घेऊ. बुलढाणा जिल्ह्यात पेट्रोल लिटरला १०५च्या आसपास होतं. हिशेबाला १०५च धरू. राज्याचा व्हॅट २५ टक्के, वर लिटरमागे ठोक ५ रुपये १२ पैसे. आधी ५.१२ काढा, उरले ९९.८८. त्याला १.२५ने भागा, आले ७९.९०. म्हणजे राज्याचे झाले २५.१०. केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५पासून २१.९० होतं. तेही काढा. राहिले ५८ रुपये. कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, सगळं एवढ्यातच. कर ४७! शंभरच्या पेट्रोलमागे जवळजवळ ४५ रुपये.

खरी गंमत पुढेच आहे. हे २५ टक्के लागतात कशावर? तेलावर, कमिशनवर आणि केंद्राच्या शुल्कावरसुद्धा! सावकाराच्या व्याजावर व्याज, तसा हा करावर कर. २१.९०वर तो जवळपास साडेपाच रुपये होतो. केंद्राचा एक रुपया भावात चढला, की राज्याला बसल्या जागी चार आणे मिळतात. उलट बाजूने पाहा: त्या २१.९०पैकी राज्यांसोबत वाटायचे फक्त १.४०, कारण बाकीचं सगळं अधिभार आणि उपकर. १.४०चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही साऱ्या राज्यांत मिळून.

मग २०२५मध्ये मुंबईला पेट्रोल १०३.५० आणि आपल्याकडे महाग, असं का होतं? जुलै २०२४पासून तर व्हॅट तिथेही २५ टक्केच आहे. पण रिफायनऱ्या मुंबईत माहुलला, आपण घाटापलीकडे. वाहतूक मूळ किमतीत मिसळते आणि तिच्यावरही व्हॅट बसतो. दीड रुपयाच्या फरकातले ३० पैसे हा चक्क अंतरावरचा कर! जळगाव जामोदहून बऱ्हाणपूर गाठूनही सुटका नाही. मध्य प्रदेशचा व्हॅट २९ टक्के, वर आणखी ठोक रक्कम आणि उपकर.

आपल्या ५.१२च्या ठोक रकमेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे २ रुपये चढले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाली आणि महसूल बुडाला, तेव्हा एप्रिल २०१७मध्ये आणखी ३. दारूची तूट पेट्रोलने भरायची! पुढे दर खालीवर होत राहिले. जुलै २०२२मध्ये ५ रुपये कमी झाले, तेव्हा कुठे ५.१२ उरले.

पुढच्या वेळी टाकी भराल तेव्हा पावती घ्या, त्या दिवशीचे दर घाला आणि हा हिशेब स्वतः मांडून बघा.