पेज, जिरे आणि १५६३ सालचा सल्ला

पावसाळ्यात लाखनीकडच्या एका आजीबाईंनी विचारलं, "डाक्टर, पोराले जुलाब लागले, पेज देऊ का?" धानाच्या आमच्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न नेहमीचाच. त्या दिवशी मात्र गार्सिया द ओर्ता आठवला.

हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याची ये-जा होती.

१५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथाचा घाट मला फार आवडतो. रुआनो हा काल्पनिक डॉक्टरमित्र प्रश्न विचारतो आणि ओर्ता अनुभवाने सांगत जातो.

त्यातलं पटकीचं वर्णन बघा. नाडी क्षीण, अंग गार, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे, अनावर तहान. काही रोगी दहा तासही टिकत नाहीत, असं तो सांगतो.

इथल्या वैद्यांचा इलाजही तो नोंदवतो: मिरं-जिरं घातलेली भाताची पेज. शिवाय पायांना डाग आणि डोळ्यांत पिंपळी! (हे दोन कृपा करून करू नका.)

पेजेत मात्र तथ्य आहे. जुलाबातही आतडं ग्लुकोजसोबत सोडियम शोषतं आणि मागोमाग पाणी आत जातं. भाताच्या पिठूळ अंशातून ग्लुकोज मिळतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी झालेल्या निर्वासितांना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं, ते याच तत्त्वावर.

पण नुसत्या पेजेत पुरेसे क्षार नसतात. ओआरएस, म्हणजे ते मीठ-ग्लुकोजचं पाणी, हवंच; पेज सोबतीला. मूल सुस्तावलं किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखाना गाठा.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा. ओर्ताबद्दल विचारलंत तर उत्तर जरा लांबेल!