बॅटरी कधी बदलावी? कारखानदाराने मांडायचा साधा हिशेब

मुळशी धरणाची कहाणी पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा सत्याग्रह 1921 साली सुरू झाला, तरी धरण झालेच. 1927 पासून त्याचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि वीज मुंबईकडे जाते. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर, आमची शिलाईची लहानशी शेड आहे. विजेचा खांब तिच्यापासून लांब. छपरावरचे सोलर पॅनल आणि 12 व्होल्टच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या यांवरच दोन मशीन, पंखे आणि दिवे चालतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. विजेचे शिक्षण आमच्याजवळ नाही. पण बॅटरी बदलण्यात दोनदा नुकसान सोसले, एकदा घाई करून आणि एकदा उशीर करून. तो तजुर्बा आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांच्या कामी यावा, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी कसूर कोणाचा ते पाहा

दिवे लवकर मंदावले की आपण बॅटरीला दोष देतो. प्रत्यक्षात पुष्कळदा पॅनलवर धूळ असते, झाडाची फांदी वाढून सावली पडते, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो किंवा वायरचा बोल्ट सैल झालेला असतो. आमच्या पहिल्या जोडीचे असेच झाले. दुकानदाराने 'बॅटरी गेली' म्हटले, आम्ही ऐकले. नवी जोडी बसवली तरी तक्रार कायम! शेवटी जळालेला एक लग सापडला. म्हणून आधी सफाई करा, बोल्ट आवळा, पाण्याची पातळी पाहा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड कधीही घालू नका. पॅनलच्या चार-पाच चांगल्या उन्हात बॅटरी पूर्ण भरू द्या आणि मगच पुढची तपासणी करा.

तीन तपासण्या

पहिली, व्होल्टमीटरची. भरलेली आणि तीन-चार तास विसावलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. पण एवढ्यावर विसंबू नका. खळ दिलेले कापड गल्ल्यावर भरदार दिसते, खरे काय ते पहिल्या धुण्यात कळते. तशीच थकलेली बॅटरी रिकामी बसलेली असताना 12.6 दाखवते आणि मशीन चालू करताच खाली बसते.

दुसरी, हायड्रोमीटरची. बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत तो साधारण 1240 ते 1250 असतो. सगळे सेल सारखेच खाली असतील तर चार्जिंग अपुरे असण्याचा संभव आहे. अशा वेळी इक्वलायझिंग चार्ज देऊन पाहावे. त्यानंतरही एकच सेल इतरांपेक्षा 50 अंकांनी मागे राहिला, तर तो सेल गेला असे समजावे. हे काम करताना डोळ्यांना चष्मा हवा, खोलीत हवा खेळती हवी आणि जवळ विडी-काडी नको. चार्जिंगमध्ये निघणारा वायू पेट घेतो.

तिसरी आणि खरी तपासणी भाराची. आमची जोडी 24 व्होल्ट, 150 एएच, म्हणजे कागदावर 3600 वॅट-तास. रात्री पॅनल बंद करून आम्ही 100 वॅटचे तीन जुने पिवळे दिवे लावतो. इन्व्हर्टरची तूट धरून बॅटरीवर सुमारे 350 वॅटचा भार येतो. दोघींपैकी कोणतीही एक 10.8 व्होल्टवर आली की दिवे बंद. नवी जोडी सुमारे दहा तास टिकते. आठ तास टिकली तर ताकद 80 टक्के उरली, सहा तास टिकली तर 60 टक्के. ही तपासणी बॅटरीला जड जाते, म्हणून वर्षातून एकदाच करावी आणि दुसऱ्याच सकाळी बॅटरी पुन्हा भरावी.

80 टक्क्यांचे महत्त्व काय?

आमची गरज रोज 1500 वॅट-तासांची. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उपसू नये, हा आमचा नियम. नवी असताना निम्मे म्हणजे 1800. काम आरामात भागते. 80 टक्के उरली की निम्मे 1440, म्हणजे काठावर. 60 टक्के उरली की एकूणच 2160 राहतात आणि तेच 1500 काढायला रोज सत्तर टक्के उपसा होतो. जास्त उपशाने बॅटरी आणखी लवकर थकते. म्हणजे म्हातारपण आले की ते वेगाने वाढते. म्हणून 80 ला नव्या जोडीची रक्कम बाजूला ठेवायला लागा आणि 60 ची वाट पाहू नका.

महिना कोणता?

निर्णय मे महिन्यात घ्यावा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहते, प्लेटवर सल्फेट बसून घट्ट होते आणि दुबळी बॅटरी नेमकी जुलैत बसते. आम्ही एका वर्षी 'दिवाळीनंतर बघू' म्हणून पुढे ढकलले आणि भर पावसात कारागीर हातावर हात ठेवून बसले.

हिशेब असा करा. समजा जोडी 36000 रुपयांची आणि सहा वर्षे चालली. महिन्याला 500 रुपये पडले. पावसाचे चार महिने जुन्यावर ढकलून 2000 रुपये वाचतील. दोन कारागिरांची मजुरी रोज 600 प्रमाणे धरली, तर दोन दिवस काम बंद पडताच 2400 गेले. शिवाय गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकते, ती वेगळीच.

जोडी मोडू नका

त्याच पावसाळ्यात आम्ही पैसे वाचवायला एकच बॅटरी बदलली. कंट्रोलरला दोघींची बेरीज दिसते, एकेकीचे दुखणे दिसत नाही. एक जास्त उकळते, दुसरी उपाशी राहते. वर्षभरात नवीही बिघडली. जुनी जोडी असेल तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. हल्ली लिथियम बॅटरीही मिळते. ती जास्त वर्षे चालते पण सुरुवातीला महाग पडते आणि इन्व्हर्टर व कंट्रोलर तिला जुळणारे लागतात. लेड-ॲसिडच्या जोडीला ती लावू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नका. शिसे विषारी आहे आणि ॲसिड ओढ्यात गेले तर ते आपल्याच पाण्यात उतरते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत ठिकाणीच द्यायची असते. नवी घेताना विक्रेत्याला परत द्या. शिशाला भाव आहे, तो बिलात वळता करून मागा.

बॅटरीजवळ एक वही टांगा. तारीख, बारा सेलचे आकडे आणि भाराचे तास तिच्यात लिहा. उधारीची वही आपण डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. तशी ही सांभाळली तर बॅटरी गेली की नाही, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.