पत्र्याला भोक पाडायचं नाही

शेडच्या खांबाला ड्रिल मशीन टांगलेलं आहे. आज ते तिथून खाली उतरणार नाही, हे मेकॅनिकने गाडी आत घेतानाच सांगून टाकलं आहे. "टीचर, पत्र्याला भोक पाडलं की गंज आलाच म्हणून समजा. त्यात ही केरीची हवा."

पेडणे तालुक्यातलं हे केरी. सुरूच्या बनापलीकडे समुद्र आहे आणि रस्ता संपतो तिथे तेरेखोलची फेरीबोट लागते. मे महिना संपत आलाय. काल संध्याकाळी एक सर आडवी-तिडवी कोसळून गेली आणि टीचरांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या चाकांमागे तांबड्या चिखलाचे फराटे उठले. तेवढ्यासाठीच त्या आल्या आहेत.

बाकड्यावर मडफ्लॅपचे तीन जोड मांडले आहेत. पहिला रुंद, चकचकीत, लाल अक्षरांचा. तो कुठल्याही गाडीला बसतो म्हणे. म्हणजे नीट कुठल्याच गाडीला बसत नाही, हे माझं मत. दुसरा कडक प्लास्टिकचा, नेमका याच मॉडेलचा. तिसराही याच मॉडेलचा, पण मऊ. मेकॅनिक तो हाताने दुमडतो, सोडतो. फ्लॅप पुन्हा सरळ होतो.

"कडक असलेला दिसायला बरा आहे हो," टीचर म्हणतात.

"दिसतो बरा. पण तुम्ही रोज फेरीने जाता ना?"

मुद्दा तिथेच आहे. ओहोटीला पाणी उतरलं की धक्क्याचा उतार लांबतो आणि फेरीबोटीच्या फळीशी गाडीचा कोन होतो. उलटी गाडी घ्यायची वेळ आली तर मागचा फ्लॅप फळीवर टेकून चाकाखाली ओढला जातो. मऊ असला तर दुमडतो. कडक असला तर तडकतो, नाहीतर स्क्रूसकट बंपरची कड उचकटतो. पलीकडचा तेरेखोल किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला, तेव्हापासून नदीपलीकडचा तो तुकडा गोव्यात आहे. त्यामुळे गोव्यातून गोव्यात जायलाही इथे फळी चढावी लागते. मऊ जोड ठरतो.

आता खरं काम. मेकॅनिक स्टिअरिंग पूर्ण एका अंगाला वळवतो. पुढचं चाक फिरतं आणि मागे हात घालायला जागा होते. हाताखालचा पोरगा चाकाची कमान साबणाच्या पाण्याने धुतो, फडक्याने पुसतो, मग कड स्पिरिटने पुसून घेतो. कडेच्या आतल्या वळणातून बोटभर वाळू निघते. टीचर चकित होतात. गाडी अजून महिन्याचीसुद्धा नाही.

"हीच वाळू रंग खाते," मेकॅनिक म्हणतो.

मला वाटत होतं, रंगाचा शत्रू म्हणजे चाकाने उडवलेला खडा. खडा टवका काढतोच. पण फ्लॅप आणि पत्रा यांच्या फटीत अडकलेली वाळू त्याहून चिवट आहे. गाडी धावते, फ्लॅप थरथरतो आणि मधली वाळू पॉलिश पेपरसारखी घासत राहते. बाहेरून काही दिसत नाही. फ्लॅप काढला की खाली करडा पट्टा सापडतो, मग कधीतरी तांबूस.

म्हणून तो आधी पारदर्शक फिल्मची पट्टी कापतो आणि फ्लॅपची कड जिथे टेकणार तिथे बोटाने दाबत, बुडबुडे बाहेर काढत चिकटवतो. ती पूर्ण बसल्याशिवाय फ्लॅपला हात लावत नाही. मग चाकाच्या कमानीतल्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तराचे कंपनीचेच दोन स्क्रू काढतो आणि त्याच भोकांतून फ्लॅप घेतो. जुने स्क्रू आखूड पडतात, म्हणून स्टेनलेसचे लांब घालतो. खाली एक क्लिप. पत्रा जसाच्या तसा.

पोरगा बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर पुढे करतो. "तो नको, हातानेच." शेवटचे आटे तो अगदी सावकाश फिरवतो. जास्त आवळलं की मऊ फ्लॅप स्क्रूपाशी दबतो आणि बाहेरची कड पत्र्यापासून उचलली जाते. वाळूला पुन्हा जागा.

"पुरो," तो स्वतःशीच म्हणतो.

चारही बसल्यावर टीचर आत बसून स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे पूर्ण फिरवतात. मेकॅनिक जमिनीवर आडवा पडून टायर आणि फ्लॅपमध्ये बोटं घालून पाहतो. उजवीकडे जागा कमी वाटते. तो स्क्रू सैल करतो, फ्लॅप किंचित मागे सरकवतो, पुन्हा आवळतो. टीचर घड्याळ बघतात, फेरी चुकणार बहुतेक. तो काही घाई करत नाही.

पैसे घेताना तो दोन गोष्टी सांगतो. थोडे दिवस गाडी चालली की स्क्रू तपासायला आणा. आणि पावसाळा सरला की फ्लॅप एकदा काढून मागची वाळू धुवा. फिल्मची कड सुटली असेल तर नवी लावा.

तुम्हीही पावसाआधी मडफ्लॅप बसवणार असाल तर दुकानदाराला किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा, पत्र्याला भोक पाडणार का? "पाडावंच लागतं" म्हणाला, तर गाडी तशीच बाहेर काढा.