कुत्र्याला ‘रेफर’ करतात तेव्हा

बेस हॉस्पिटल म्हणजे काय, हे फौजी घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पलटणीत आरएमओ असतो. त्याच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण फिल्ड हॉस्पिटलला जातो आणि तिथेही जे होणार नाही त्यासाठी बेस किंवा कमांड हॉस्पिटल. या साखळीत प्रत्येक डॉक्टरवर दुहेरी जबाबदारी असते : जमेल तो उपचार करायचा आणि पुढच्या टप्प्यापर्यंत रुग्ण जिवंत पोचेल असे पाहायचे. माझी नोकरी आर्मी डॉग युनिटमध्ये झाली. निवृत्तीनंतर होसकोट्याला स्थायिक झालो. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे गाव आता बेंगळुरूला जवळजवळ चिकटले आहे. मुलगा आपल्या शाळेत कॅडेट आहे. त्याचे मित्र विचारतात, “काका, घरच्या कुत्र्यासाठीपण असे मोठे हॉस्पिटल असते का?” म्हणून हा लेख.

फौजेत अशी व्यवस्था जुनीच आहे. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरची सुरुवात १७७९ सालची, केंद्र मीरतला. घोडे, खेचरे आणि कुत्री यांच्यासाठी तिची स्वतःची फिल्ड हॉस्पिटल्स आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या कारवाईत ‘झूम’ या कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या. त्याला श्रीनगरच्या ५४ अ‍ॅडव्हान्स फिल्ड व्हेटर्नरी हॉस्पिटलमध्ये नेऊन शस्त्रक्रिया केली. १३ ऑक्टोबरला तो गेला. पण त्याला जे मिळाले ते जखमी जवानाला मिळते तसेच होते, हे आमच्यासारख्यांना फार मोलाचे वाटते.

सिव्हिलमध्ये चित्र वेगळे होते. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि बेंगळुरूला हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून. पण बहुतेक गावांत एकच डॉक्टर गाईची प्रसूतीही करायचा आणि कुत्र्याचा पायही बसवायचा. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जावे लागले होते. पुढे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे हॉस्पिटल मुंबईत महालक्ष्मीला १ जुलै २०२४ रोजी सुरू झाले : पाच मजले, सुमारे ९८,००० चौरस फूट, चोवीस तास इमर्जन्सी. अशा ठिकाणी हाडांचा, डोळ्यांचा, हृदयाचा डॉक्टर वेगळा असतो, अतिदक्षता विभाग असतो आणि रात्री तीन वाजताही भूल देणारा माणूस जागा असतो. माझ्या मते यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. यंत्रे विकत मिळतात, पण रात्रपाळी करणारी माणसे टिकवणे अवघड.

आता ही साखळी प्रत्यक्षात कशी चालते ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांचा सात वर्षांचा जर्मन शेफर्ड रात्री जेवल्यावर तासाभरात अस्वस्थ झाला. सारखा ओकारी काढायचा, पण बाहेर काही पडत नव्हते. तोंडातून लाळ, पोट नगाऱ्यासारखे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यात हे दिसले की सकाळची वाट पाहायची नसते. जठरात हवा कोंडते, जठर स्वतःभोवती पीळ घेते आणि आतली हवा ना वर येते ना खाली जाते. फुगलेले जठर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत खेळ संपतो.

होसकोट्याच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेची सोय नव्हती. पण त्यांनी त्याला नुसते “बेंगळुरूला न्या” म्हणून गाडीत घातले नाही. बरगड्यांच्या मागे केस काढून जाड सुई टोचली. फुस्स करून हवा सुटली. मग सलाइन लावले, तेही पुढच्या पायांना, कारण मागच्या पायांतले रक्त पुढे सरकतच नव्हते. मोठ्या हॉस्पिटलला फोन केला आणि काय दिले, किती वाजता दिले, हे चिठ्ठीवर लिहिले. ही वीस मिनिटे गेली म्हणून शेजारी कासावीस झाले होते. पण के. आर. पुरम आणि टिन फॅक्टरीची वाहतूक ज्याने पाहिली आहे, त्याला त्या वीस मिनिटांची किंमत कळेल. सुई न टोचता निघालो असतो तर कुत्रा वाटेतच गेला असता.

हॉस्पिटलच्या दारात नर्सने आधी हिरड्या पाहिल्या. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परततो. याचा परतत नव्हता. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला नाडी पाहिली आणि स्ट्रेचर थेट आत. सकाळपासून लंगडणारा लॅब्रॉडॉर घेऊन बसलेले एक गृहस्थ चिडले, “आम्ही आधी आलो!” त्यांचेही चूक नव्हते. पण इमर्जन्सीत रांग येण्याच्या वेळेने लागत नाही. कोण किती लवकर मरू शकतो यावर लागते. तिथे जो तासभर बसून राहतो, त्याने खरे तर खूश व्हावे.

मग फॉर्म आला. खर्चाचा अंदाज, अनामत, आणि एक प्रश्न : हृदय थांबले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का? शेजाऱ्यांचा पेन तिथेच थांबला. प्रश्न निर्दय वाटतो, पण त्या क्षणी विचारायला वेळ नसतो म्हणून आधी विचारतात. हृदय थांबल्यावर परत घरी जाणारी कुत्री फार थोडी असतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पालकांना माझी विनंती आहे की कुत्रा धडधाकट असतानाच घरात यावर बोलून ठेवा. पैशांवरही बोला, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शस्त्रक्रियेत जठराचा पीळ सोडवून ते पोटाच्या उजव्या भिंतीला शिवून टाकतात, म्हणजे पुन्हा पीळ पडत नाही. अमेरिकी सैन्यात तर श्वानांना ही शिलाई आधीच करून ठेवतात. त्यानंतर दोन-तीन दिवस ईसीजी चालू ठेवतात, कारण सुटलेल्या जठरातून विषारी द्रव्ये रक्तात येतात आणि हृदयाचे ठोके चुकू लागतात.

आणखी एक, आमच्या भागाचे आणि तुमच्याही. होसकोटे-कोलार पट्ट्यात ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षांचे मळे आहेत, तसे आपल्याकडे नाशिक-तासगावला. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. नाशिकच्या कॅडेट्सनी सुट्टीत लाड करताना हे ध्यानात ठेवावे. मांजर पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी : पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, आणि बोका लघवीला बसून-बसून उठत असेल, थेंबही येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. निघताना लसीकरणाचे कार्ड, चालू औषधे आणि विष खाल्ले असेल तर त्याचा डबा सोबत घ्यावा.

शेजाऱ्यांचा कुत्रा पाचव्या दिवशी दोन पानी डिस्चार्ज पेपर घेऊन परत आला. तो पेपर मालकापेक्षा गावच्या डॉक्टरसाठी असतो. रुग्ण पुन्हा त्याच्याच ताब्यात येतो. टाके होसकोट्यातच बाराव्या दिवशी निघाले. हल्ली त्याला एका जेवणाऐवजी दिवसातून तीनदा थोडे-थोडे देतात, आणि तिसऱ्या वेळेची आठवण तो स्वतःच भुंकून करतो.