लगाशच्या कालव्यातलं मीठ

साडेचार हजार वर्षांपूर्वी, आजच्या दक्षिण इराकमध्ये लगाश हे बलाढ्य सुमेरियन नगरराज्य होतं. गिरसू, लगाश आणि निगिन ही त्याची प्रमुख शहरं. शेजारचं उम्मा कालव्याच्या वरच्या अंगाला. मधल्या गुएदेना नावाच्या सुपीक पट्ट्यावरून आणि पाण्यावरून दोघांचं पिढ्यान् पिढ्या वैर होतं.

या वैराची कैफियत लगाशच्या एन्मेतेना राजाने इ. स. पू. २४००च्या सुमारास मातीच्या शंकूवर लिहवून घेतली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या या शंकूला कीलाक्षरांच्या रांगांनी वेढलं आहे. किशच्या मेसिलिम राजाने हद्द आखून दगड रोवला. उम्माने तो उपटला. लगाशच्या एआन्नातुमने लढाई जिंकून हद्दीवर पाट खणला. उम्माने सातूचं देणं थकवलं, त्यावर व्याज चढत गेलं आणि शेवटी हद्दीच्या कालव्यातलं पाणीच वळवलं गेलं.

पुढे लगाशने टायग्रिसचं पाणी आणलं. पाणी मुबलक झालं, पण जमीन सपाट, ऊन कडक आणि निचरा नावापुरता. नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. जादा पाणी झिरपून भूजल वर आलं. मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागापर्यंत चढलं, उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातली जमीन क्षारपड होते, ती याच रीतीने.

थॉर्किल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट अॅडम्स यांनी १९५८मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दक्षिण इराकमधल्या या मिठाचा माग पिकांवरून काढला. इ. स. पू. ३५००च्या सुमारास दक्षिण इराकमध्ये गहू आणि सातू जवळपास सारखेच पिकत. हजारेक वर्षांनी गिरसूत गहू एक षष्ठांशावर आला, इ. स. पू. २१००पर्यंत दोन टक्क्यांहूनही खाली. सातू क्षार अधिक सोसतो, गहू सोसत नाही. सातूचा हेक्टरी उतारा त्यांच्या हिशेबाने २,५३७ लिटरवरून १,४६० लिटरवर घसरला. या निष्कर्षांवर पुढे अभ्यासकांत वाद झाले. लगाशला उम्माच्या लुगालझागेसीने इ. स. पू. २३५०च्या सुमारास लुटलं, तरी गुडेआ या शासकाच्या काळात ते पुन्हा भरभराटीला आलं. एकट्या मिठाने राज्य बुडालं नाही. पण याकोबसेन आणि अॅडम्स यांच्या मते जमिनीचा कस मिठाने खाल्ला.

लगाश आणि उम्मा पाणी कोणाकडे येणार यासाठी लढले. ते शेतातून बाहेर कुठे जाणार, हा प्रश्नही तितकाच मोठा होता. आजही कालवा आखताना निचऱ्याचा चर त्याच नकाशावर, त्याच खर्चात धरला पाहिजे.